मी येतो, ती म्हणाली

आजवर माझ्या कादंबऱ्यांतली एकही जोडी मेलेली नाही. कुणी विहिरीत उडी टाकली नाही, कुणाला असाध्य दुखणं जडलं नाही, कुणी गैरसमज करून घेऊन परदेशी गेलं नाही. माझी माणसं भांडतात, रुसतात, एकमेकांना चारचौघांत टाकून बोलतात आणि शेवटी लग्न करतात. मी प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिते आणि मला त्याचा चांगला घसघशीत अभिमान आहे. यवतमाळ जिल्ह्यात राहून हे काम करायला छाती लागते. आता कॉलेजातल्या मुली मला भेटायला कळंबला येतात, चहा घेतात, बिस्किटाचा कोपरा कुरतडत बसतात आणि मग विचारतात, "मॅडम, सुरुवात कशी करायची?" मी म्हणते, आधी लाजणं बंद करा. ज्या बाईला आपली नायिका प्रेमात पडली याचीच लाज वाटते, तिनं पाककृतींचं पुस्तक लिहावं.

मी लिहायला लागले ती वर्षं कापसाची वाईट होती. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव रोज यायचं, आणि कधीच चांगल्या कारणानं नाही. मोठ्या शहरांतून गाड्या यायच्या, त्यातून कॅमेरे उतरायचे, आणि आम्ही कसे रडतो ते बघून परत जायचे. एका कार्यक्रमात एका विद्वान गृहस्थांनी मला भर मंचावरून विचारलं होतं, "तुमच्या भागात एवढं सगळं चाललेलं असताना तुम्हाला प्रेम सुचतं तरी कसं?" मी म्हटलं, "सुचत नाही हो, दिसतं." लोक हसले, ते हसले नाहीत. पण मी विनोद केला नव्हता. त्याच वर्षांत आमच्या गल्लीत लग्नं लागली, पोरी पळून गेल्या, पळून गेलेल्या पोरी लेकरं कडेवर घेऊन माहेरी आल्या आणि आयांनी त्यांना दारात उभं करून आधी शिव्या दिल्या, मग जेवू घातलं. दुःख होतं, आमच्याही घरात होतं. पण बाहेरच्या माणसाला आमच्याकडून फक्त तेवढंच हवं असायचं, आणि त्याचा मला राग यायचा. अजूनही येतो.

मी मूळची बोरी अरबची. आमच्या वस्तीतल्या विहारात पुस्तकांचं एक कपाट होतं. त्याची किल्ली ज्या काकांकडे होती ते मला बघितलं की किल्लीच हातात द्यायचे, कारण दर वेळी उठून येणं त्यांच्या जिवावर यायचं. ते कपाट मी बारावीपर्यंत संपवलं. त्यानंतर वाचायला काही उरलं नाही, तेव्हा मी सांगायला लागले. कुठे? तर पऱ्हाटीत. म्हणजे कपाशीच्या शेतात, आईबरोबर कापूस वेचायला जायचे तेव्हा.

कापूस वेचताना हात गुंतलेले असतात, डोळे बोंडावर असतात, पण तोंड मोकळं असतं. कमरेला ओटी बांधलेली, तिच्यात कापूस टाकायचा आणि पुढे सरकायचं. प्रत्येक बाईनं आपला एक तास धरायचा. आमच्याकडे तास म्हणजे घड्याळातला नव्हे, पऱ्हाटीची ओळ. मी माझा तास धरला की गोष्ट सुरू करायची, आणि शेजारच्या तासांतल्या बायका माझ्या बरोबरीनं चालायच्या. कुणी मागे पडली की ओरडायची, "थांब ना वो, मले आइकू नाही येऊन राह्यलं." मी थांबायचे नाही. मग ती हात भराभर चालवून आम्हाला गाठायची. शेतमालकिणीच्या हे लक्षात आलं, आणि ती मला मुद्दाम मधला तास द्यायला लागली. माझ्या गोष्टीनं तिचा कापूस लवकर घरी जायचा, हे माझ्या साहित्याचं पहिलं मानधन.

तास बांधावर संपला की गोष्ट तिथेच तोडायची. नायकाचा हात नायिकेच्या हातापर्यंत आला असेल तरी तोडायची. बायका चिडायच्या, मग ओटी रिकामी करून पाणी पिऊन पुढच्या तासाला माझ्या शेजारी जागा पकडायला धावायच्या. मी आजही प्रकरणं तशीच लिहिते. मुली विचारतात, प्रकरण केवढं असावं? मी सांगते, एका तासाएवढं. त्या वहीत लिहून घेतात, साठ मिनिटं. मग मला पऱ्हाटी समजावून सांगावी लागते.

आणि त्या बायका काही नुसत्या ऐकणाऱ्या नव्हत्या. मी एकदा सांगितलं की त्यानं तिचा हात धरला, आणि ती लाजून गप्प राहिली. आईच्या वयाची एक बाई वेचायची थांबली. "काहीच नाही म्हटलं तिनं? मुकी हाय काय थे?" दुसरी म्हणाली, "हात धरला तं काही तं बोलन. शिवी देईन, नाहीतं म्हणन का सोड, कोणी पाहून राह्यलं." मला त्या दिवशी कळलं की नायिकेला बोलतं केलं नाही तर बायका पुढचा तास माझ्याबरोबर चालणार नाहीत. लेखनाच्या शिबिरात जे शिकवतात ते मी नंतर ऐकलं. ठीक असतं. पण "मुकी हाय काय थे" याच्या तोडीचं मला तिथे काही मिळालं नाही.

आता माझ्या स्वतःच्या प्रेमाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आमच्या आठवडी बाजारात एक तरुण फवारणीचे पंप दुरुस्त करायला यायचा. कळंबचा होता, ओळखीपाळखीतला, आमच्याच समाजातला. गोणपाटावर बसायचा, समोर हत्यारांची पेटी. त्या वर्षी बोंडअळीनं कहर केला होता, लोक फवारून फवारून थकले, पंप बिघडत राहिले आणि तो येत राहिला. अळीनं जन्मात तेवढंच एक चांगलं काम केलं असेल. आमच्या घरीही एक पंप होता, मक्त्यानं, म्हणजे भाड्यानं, केलेल्या वावरासाठी. तो मी दर बाजारी दुरुस्तीला न्यायला लागले. दोनदा तो खरंच बिघडला होता. नंतर मी घरीच त्याचा वायसर ढिला करून न्यायचे. तो खोलायचा, वायसर बघायचा, माझ्याकडे बघायचा, आणि काही न बोलता घट्ट करून द्यायचा. हे असं पावसाळाभर चाललं. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, हा पोरगा बोलेपर्यंत पंप झिजून जाईल.

शेवटी मीच बोलले. बाजार उठला होता, तो पेटीत पाने-पकडी भरत होता. मी म्हटलं, "मी येतो तुमच्या घरी. तुमच्या मायले मीच इचारतो." त्यानं वर पाहिलंच नाही. मान खाली घालून म्हणाला, "या."

मी गेले. घरी सांगितलं मावशीकडे जाते. बोरीहून यवतमाळ, तिथून गाडी बदलून कळंब. दारात एक बाई सुपात तूर पाखडत बसली होती. मी सांगितलं मी कोण, कुठली, आणि सरळ म्हटलं की मला तुमचा मुलगा पाहिजे. तो आत होता, पण बाहेर येईना. त्या बाईनं सूप खाली ठेवलं, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "जेवली काय?" मी म्हटलं नाही. तिनं मला बेसन-भाकर वाढली, आणि मी खात असताना म्हणाली, "बरं." एवढंच. महिन्याभरात आमचं लग्न लागलं. तिनं हो का म्हटलं ते मला तेव्हा कळलं नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. सासूनं हो म्हटलं की सुनेनं खोलात जाऊ नये, पुन्हा विचार करायला वेळ मिळतो.

लग्नानंतर मी खरोखरची लिहू लागले, कागदावर. सकाळी नळ यायच्या आधी स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून. नळ आला की लिखाण बंद, कारण नळ कुणाच्या प्रतिभेसाठी थांबत नाही. आमच्या मालकांनी तोवर बसस्टँडजवळ दुचाकी दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. त्यांच्या हाताला ऑइल, माझ्या हाताला शाई. सासूबाई म्हणायच्या, या घरात स्वच्छ हात फक्त माझे. माझ्या पहिल्या तीन कादंबऱ्या नागपूरच्या एका लहान प्रकाशकानं काढल्या. त्या एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर विकल्या जायच्या, पेपर आणि शेंगदाण्यांच्या शेजारी. यवतमाळच्या स्टँडवर एका बाईला मी माझं पुस्तक वाचता वाचता गाडी चुकवताना पाहिलं आहे. पुरस्कार मिळणाऱ्यांनी असं काही पाहिलं असेल तर मला सांगावं.

त्या तीन पुस्तकांत मी संवाद शुद्ध मराठीत लिहिले होते. पुस्तकात तसंच बोलतात असा माझा समज होता. तिसरं पुस्तक घेऊन मी माहेरी गेले आणि आमच्या जुन्या वेचणीवाल्या बायकांना एक प्रकरण वाचून दाखवलं. मग तीच ती, जिनं मुकी हाय काय विचारलं होतं, ती म्हणाली, "हे पोरगी कुठची हाय?" मी म्हटलं, आपल्याच गावची. "मंग बोलते काहून पुण्यासारखी? हिचं लगन होऊन राह्यलं का हिले रेडिओत नोकरी लागून राह्यली?" सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि परत येताना बसमध्येच ठरवलं की चौथ्या पुस्तकातली पोरगी आपल्या तोंडानं बोलेल.

ते चौथं पुस्तक मी दीड पावसाळा लिहीत होते. त्यात बाजार होता, पंप होता, वायसर होता. आमचीच गोष्ट, गावं बदलून आणि वादळाचा एक प्रसंग घालून. ते पुण्याच्या एका मोठ्या प्रकाशकानं घेतलं. पुण्याच्या! मी कधी पेढे वाटत नाही, पण त्या दिवशी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनाही वाटले. एक गृहस्थ नुसते हवा भरायला आले होते, तेही पेढा खाऊन गेले.

काही महिन्यांनी छापायच्या आधी तपासायची पानं पार्सलनं यवतमाळला आली. ती घेऊन मी कळंबच्या गाडीत बसले आणि धीर न धरता मांडीवरच उघडली. सरळ बाजाराच्या प्रकरणाकडे गेले. माझ्या लिखाणात असं होतं: ती म्हणाली, "मी येतो तुमच्या घरी. तुमच्या मायले मीच इचारतो." त्यानं मान खाली घालून म्हटलं, "या." समोरच्या पानावर छापलं होतं: तो म्हणाला, "मी येतो तुमच्या घरी. तुमच्या मायले मीच इचारतो." तिनं मान खाली घालून म्हटलं, "या."

मी दोनदा वाचलं. मला वाटलं गाडीच्या हादऱ्यानं अक्षरं हलतायत. मग पुढची पानं चाळली. बसनं मागणी घालायला जाणारा तोच झाला होता, पाखडणाऱ्या बाईसमोर उभा राहणाराही तोच. माझी नायिका घरी बसून वाट बघत होती. फार नीटनेटकं काम केलं होतं, जिथे 'ती' तिथे 'तो'. माझं डोकं असं तापलं की शेजारच्या बाईनं आपली पाण्याची बाटली पुढे केली.

कळंबला उतरल्या उतरल्या स्टँडसमोरच्या फोनच्या बूथवरून मी पुण्याला फोन लावला. ज्यांनी पानं तपासली होती ते मुद्रितशोधक फोनवर आले. वयस्कर, अतिशय सौम्य गृहस्थ. म्हणाले, "अहो बाई, तुमच्या हातून घाईत गडबड झाली होती. 'मी येतो' असं वाक्य, आणि पुढे लिहिलेलं 'ती म्हणाली'. 'येतो' म्हणजे पुरुषच नाही का? मी सगळीकडे दुरुस्त केलं आहे, काळजी करू नका."

आता हे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे बाई स्वतःबद्दल बोलताना येतो, जातो, करतो असंच म्हणते. आजी म्हणते, आई म्हणते, चार वर्षांची पोरगी म्हणते. हा लेख मी "लिहिते, म्हणते" असा लिहितेय, ती शाळेची शिकवण. घरात मी "लिहितो". आणि "येते" आमच्याकडे दुसऱ्या कुणासाठी असतं. तो येते, ती येते, बस येते. मी फोनवर हे सगळं समजावलं. ते गृहस्थ खरंच मन लावून ऐकत होते. म्हणाले, "असं होय! मग आपण 'मी येते' करू. म्हणजे वाक्य परत तिचं होईल." मी म्हटलं, माझ्या गावात कुणी "मी येते" म्हटलं तर लोक दाराकडे बघतील की कोण येऊन राह्यलं. ते हसले आणि त्यांनी फोन प्रकाशकांकडे दिला.

प्रकाशक हसणाऱ्यातले नव्हते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. 'येतो' ठेवायचं तर ते नायकाच्या तोंडी शोभतं, वाचक गोंधळत नाही. आणि खरं सांगायचं तर, ते म्हणाले, हा बदल चुकून झाला तरी बराच झाला. "मुलगी स्वतः उठून मुलाच्या आईकडे मागणी घालायला जाते, हे खरं वाटत नाही. तेही तुमच्या भागात, तेही अशा वर्षी. असं कुठं घडतं का?" त्यांना वाटत होतं की त्यानंच विचारावं, तिनं लाजावं, आणि पार्श्वभूमीला कापसाची हलाखी थोडी वाढवावी. उद्या संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणाले. मान्य नसेल तर त्यांना पुस्तक घेता येणार नव्हतं, ते हस्तलिखित परत पाठवणार होते.

मी घरी आले. खोटं कशाला बोलू, मी डगमगले. पुण्याचं पुस्तक होतं. पुण्याचं पुस्तक म्हणजे सगळ्या महाराष्ट्राच्या दुकानांत पुस्तक, ग्रंथालयांत पुस्तक. आणि बदल केवढा, तर 'ती'चा 'तो'. कुणाला कळणार होतं? मी मालकांना सांगितलं. ते ऑइलचे हात चिंधीला पुसत ऐकत होते. "ते वाक्य माह्या नावावर कायले लावून राह्यले ते?" त्यांनी विचारलं. "मी असं बोललोच नाही. मी बोललो असतो तं तुले कळंबले यायची गरज पडली असती काय?" मी म्हटलं, पुस्तकात तुम्ही शूर दिसाल. ते म्हणाले, "थेच तं. मंग लोकं मले शूर समजतीन, अन् मले तसं वागा लागन." मग म्हणाले, "तुहं आहे ते. तुह्याच नावावर राहू दे."

मला त्या माणसाचा किती अभिमान वाटला ते मी त्यांना सांगितलेलं नाही. इथे सांगते. बायकोचं धाडस आपल्या खात्यात जमा होत असताना नको म्हणणारे नवरे मी फार पाहिलेले नाहीत, आणि माझ्या कादंबऱ्यांतले नायक असे का असतात असं समीक्षक विचारतात त्याचं उत्तर हेच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बूथवर जायला निघाले तेव्हा सासूबाई पायात चप्पल घालत होत्या. कालपासून घरात जे चाललं होतं ते सगळं त्यांनी ऐकलं होतं. "चाल, मी येतो," म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही कशाला. त्या म्हणाल्या, "तो म्हणते ना का असं कुठं घडते? मंग जिच्या घरी घडलं तिले इचारू दे."

बूथमध्ये एकाच माणसाची जागा. मी आत, त्या दाराला खेटून. प्रकाशक फोनवर आले आणि मी म्हटलं की वाक्य तिचंच राहील, आणि ते 'येतो'च राहील. ते निःश्वास टाकून म्हणाले, "मग बाई, मला..." तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. उलटा धरला, मी सरळ करून दिला.

"हॅलो. मी बोलतो."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, बहुतेक कोण बोलतंय म्हणून.

"मी बोलतो, सासू. आइका. हे पोरगी माह्या घरी आलती. एकटी, एसटीनं. मलेच इचारलं तिनं. माहा पोरगा तं अंदर लपून होता, भाईर नाही आला." दाराबाहेर फोनच्या रांगेत उभी असलेली दोन माणसं आता सरळ आमच्याकडे बघत होती. सासूबाईंना त्याचं काही नव्हतं. "त्या साली अळीनं कापूस खाल्ला होता, तुमी पेपरात वाचलं असन. आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, यंदा नोको. लुगडं? यंदा नोको. पोराचं लगन? यंदा नोको, पुढल्या साली पाहू. लेकरंबी बाजारात काही मांगत नोहते, त्यायले बी समजलं होतं. कोणीच कोणाले काही मांगत नोहतं, भाऊ. अन् हे पोरगी माह्या दारात उभी राहून म्हणते, मले तुमचा पोरगा पाह्यजे. मले इतकं बरं वाटलं का कोणी तरी काही मांगून राह्यलं. माह्या घरात देण्यासारखं काही तरी आहे, हे मलेच माईत नोहतं. मी मनात म्हटलं, घे बाई. देतो."

मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि पदरानं चेहऱ्यावरचा घाम पुसला.

मी इतकी वर्षं या बाईच्या हातचं जेवत होते. तिच्या 'बरं'मागे हे होतं, आणि मला, प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिणारीला, ते कळलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली. रांगेतल्या माणसांनी तोंड फिरवलं, वाईट बातमी आली असं समजून.

मी फोन कानाला लावला. पलीकडे प्रकाशकच होते. "ठीक आहे," ते म्हणाले. "तुमचं आहे तसंच जाईल."

मी म्हटलं, "आहे तसं नको. अजून एक बाकी आहे." माझ्या पुस्तकात नायकाची आई नुसतं "बरं" म्हणत होती, कारण मला तेवढंच माहीत होतं. तिथे आता तिचं बोलणं घालायचं होतं. प्रकाशकांनी मुद्रितशोधकांना फोनवर बोलावलं. मी आत्ताच ऐकलेलं एकेक वाक्य सांगत गेले, शब्दशः, कुठे अडलं तर सासूबाई बाहेरून सांगत होत्या. मी ते पानावर लिहून पाठवू शकले असते, पण मला त्याच क्षणी ते पुस्तकात गेलेलं हवं होतं. मीटरचे लाल आकडे पळत होते, पळू दिले. त्या गृहस्थांनी सगळं लिहून घेतलं आणि सावकाश परत वाचून दाखवलं. यंदा नोको, पुढल्या साली पाहू. घे बाई. तिथे ते थांबले.

"हे आई म्हणते ना?" त्यांनी विचारलं. "म्हणजे बाईच बोलतेय."

"हो," मी म्हटलं.

"मग 'देतो'च बरोबर," ते म्हणाले, आणि पुस्तकात तसंच छापून आलं.